चिमणीचा डावा पंख

किर्यू, १८ सप्टेंबर

चिनात्सुसान,

नववर्षाच्या कार्डाखेरीज माझं पत्र आलेलं पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करून बघशील, कुणी गेलं की काय म्हणून. कुणी गेलेलं नाही. मी सत्तरीची झाले, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत आहे. ताकाफुमी हामामात्सुला नव्या संसारात रमलाय. महिन्यातून एकदा फोन करतो, तोही बहुतेक बायकोनं आठवण करून दिल्यावर. तुमच्या घटस्फोटाला अकरा वर्षं झाली, म्हणून एवढं मोकळेपणानं लिहिते.

येत्या जानेवारीत मिओरीचा विशीचा समारंभ, सभागृहात, शहरातल्या सगळ्या सज्ञान झालेल्या पोरांबरोबर. बोटांवर मोजायची गरज नाही, मला पाठ आहे. मुलाचा काडीमोड झाला की आजीची नातही त्याच कागदावर सुटते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. असो.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघी आशिकागाला गेलात आणि हे घर मला खायला उठलं. तेव्हा वेळ जावा म्हणून मी ओबीच्या, किमोनोवरच्या त्या रुंद कमरपट्ट्याच्या, गाठी शिकायला लागले. साधी चौकोनी गाठ मला आधीपासून येत होती, ती इथल्या कुठल्याही बाईला येते. मी शिकले त्या शोभेच्या, तरुण मुलींच्या. फुलपाखरू, उभा बाण, गुलाब, गुबगुबीत चिमणी. दर बुधवारी आमचं मंडळ भरतं, आणि बाकीचे सहा दिवस मी घरी शिंप्याकडच्या पुतळ्यावर सराव करते. त्या पुतळ्याला डोकं नाही, तरी मी तिला ओत्सुनेबाई म्हणते. कितीही आवळा, तक्रार नाही. शेजारच्या ओगिनोबाईही मंडळात आहेत, त्या म्हणतात, ‘शिझुनोसान, एवढी सेवा नवऱ्याची केली असतीत तर तो अजून जगला असता.’

बत्तीस गाठी येतात मला. दहा हात लांबीचा कडक ओबी मी वीस मिनिटांत चिमणी करून बसवते. तर मिओरीचा ओबी त्या सकाळी मला बांधू दे. एवढंच मागणं आहे. पहाटे म्हणशील तेव्हा येईन, बांधेन आणि चहासुद्धा न घेता परत जाईन. तुझं आणि ताकाफुमीचं जे काही झालं, त्यात मी कधीच नव्हते, हे तूही जाणतेस.

शिझुनो

•

आशिकागा, २ ऑक्टोबर

इशिकुरासान,

आपलं पत्र मिळालं. प्रकृती बरी आहे हे वाचून बरं वाटलं.

मिओरी सेंदाईला कॉलेजात आहे, समारंभासाठी चार दिवस येईल. किमोनो आणि ओबी भाड्यानं ठरवला आहे. नेसवण्यासाठी पार्लरमध्ये पहाटे पाचची वेळ घेतली आहे. त्यामुळे आपल्याला तसदी देण्याचं कारण नाही. आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे.

थंडी सुरू होईल. गुडघ्यांना जपावं.

चिनात्सु

•

किर्यू, ६ ऑक्टोबर

चिनात्सुसान,

‘इशिकुरासान’ असं आडनाव वाचून क्षणभर वाटलं पत्र दुसऱ्याच कुणाचं आलं. पण बरोबर आहे, तू आणखी काय लिहिणार.

पार्लरचं म्हणशील तर मी पाहिलंय ते. पहाटे पंधरा मुली ओळीनं उभ्या करतात आणि एकेकीला गाठोड्यासारखी बांधून पुढे ढकलतात. रबरी पट्टे, चिमटे, झालं. दुपारपर्यंत निम्म्या मुलींच्या पाठीवर मेलेले पक्षी लोंबत असतात. मिओरीच्या पाठीवर मला ते बघवणार नाही.

तुला आठवतं ना, तिच्या सातव्या वर्षीचा विधी? मुलीच्या कमरेला पहिल्यांदा खरा ओबी बांधायचा दिवस, आणि देवळाच्या पायऱ्यांवर सगळं गोत जमलेलं. ती गाठ मला अजून दिसते. एक कान वर, एक खाली, मधे फुगवटा. बाजारहाटाची पिशवी पाठीवर अडकवल्यासारखी. मी तिला तिथंच फिरवली, दोन हिसक्यांत सोडली आणि पाच मिनिटांत नीट बांधली, म्हणून फोटो तरी बरे आले. तेव्हा तर मला शोभेच्या गाठी येतही नव्हत्या. तू पुढे कधी काही म्हणाली नाहीस, पण तुझा जीव भांड्यात पडला असणार हे मला कळलं होतं.

सोबत ओत्सुनेबाईचे तीन फोटो पाठवतेय. पहिल्यात चिमणी, दुसऱ्यात उभा बाण, तिसऱ्यात गुलाब. मिओरीला निवडू दे. मला वाटतं तिला चिमणी शोभेल, तिचे खांदे लहानपणी अरुंद होते. आता कसे आहेत ते मला ठाऊक नाही.

पार्लरला नाही म्हणून कळवायला अजून पुष्कळ वेळ आहे.

शिझुनो

•

आशिकागा, ९ नोव्हेंबर

इशिकुरासान,

फोटो परत पाठवते आहे. मिओरीला दाखवलेले नाहीत.

महिनाभर हे पत्र लिहावं की नाही ते ठरवत होते. माझ्या आईनं शिकवलं होतं की सासरच्या माणसांना मनातलं सांगू नये. आता ते सासर राहिलेलं नाही, तेव्हा सांगते.

ती बाजारहाटाची पिशवी मी बांधली होती.

माझी आई मी नववीत असताना गेली. मला ओबी बांधायला कुणी शिकवलं नाही. आपल्याला विचारता आलं असतं, पण आपण शिकवताना हसत होतात. तांदूळ धुण्यापासून हसत होतात. म्हणून वाचनालयातून एक पुस्तक आणलं. त्या वर्षी ऑगस्टपासून, दवाखान्यातली सकाळची पाळी संपली की मिओरी शाळेतून येईपर्यंत, मी खोलीचं दार लावून गादीची गुंडाळी खुर्चीवर उभी करायचे आणि तिच्यावर फुलपाखराची गाठ बांधायचे. तीन महिने. तयार शिवलेली गाठ दुकानात मिळत होती, नुसती मागे अडकवायची. मला ती नको होती. मुलीचा पहिला ओबी आईनं बांधावा, एवढी एकच गोष्ट मला त्या घरात माझ्या हातानं करायची होती.

त्या सकाळी ती गाठ मला पहिल्यांदा जमली. एक कान थोडा खाली होता, मला दिसत होतं. मिओरी आरशात पाठ वळवून वळवून बघत होती. देवळापर्यंत तिनं रस्ताभर पाठ कशालाच टेकू दिली नाही.

मग आपण ‘अगंबाई, हे काय गाठोडं’ म्हणालात आणि सगळे हसले. ताकाफुमीही हसला. मी ‘आई, राहू द्या ना’ म्हणाले होते. आपल्याला ऐकू आलं नसेल, आपण दातांत दोरी धरली होती. हसणाऱ्यांत मिओरीही होती. ती सात वर्षांची होती, सगळे हसले म्हणून हसली. पण त्या दिवशी मला कळलं की या घरात राहिले तर ती हळूहळू मला हसायलाच शिकेल. ताकाफुमीची भानगड दोन वर्षांनी निघाली. ते निमित्त झालं. माझा पाय बाहेर पडला होता तो त्या पायऱ्यांवर.

तर आपण त्यात कधीच नव्हतात, असं लिहू नये.

पार्लरची वेळ मी घेतलेली नाही, ते खोटं लिहिलं होतं. मिओरीचा ओबी मीच बांधणार आहे. एप्रिलपासून शिकते आहे, या वेळी एका बाईंकडे. कृपा करून त्या सकाळी येऊ नका. आणि कुठं भेट झालीच तर त्या गाठीला हात लावू नका.

चिनात्सु

•

किर्यू, १ डिसेंबर

चिनात्सुसान,

तीन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात मी स्वतःची बाजू मांडली होती, दुसऱ्यात तुझी समजूत घातली होती, तिसऱ्यात नुसती रडले होते. ओगिनोबाई कागद गोळा करता करता म्हणाल्या, ‘चूक केलीत ना? मग चुकले म्हणा आणि पाकीट बंद करा.’

चुकले. माझं फार चुकलं.

मला खरंच माहीत नव्हतं की ती तू बांधलीस. मी देवळात पुढे गेले होते, मला वाटलं कुठल्याशा दुकानातून घाईत बांधून आणली. पण हे सांगून माझी सुटका होत नाही. मी विचारलं नाही. गाठ कुणाची आहे हे विचारल्याशिवाय ती सोडायला हात घातला. गेली पाच-सहा वर्षं मी दर बुधवारी नव्या मुलींना पहिला धडा तोच देते, की दुसऱ्यानं बांधलेल्या ओबीला आधी विचारावं, मग शिवावं. तोंडानं देत होते आणि देवळाच्या पायऱ्या मला एकदाही आठवल्या नाहीत. उलट तुला फुशारकीनं लिहिलं. ते पत्र तुझ्या हातात कसं पडलं असेल याचा विचार करून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणि वेळ जावा म्हणून शिकले, हेही खरं नव्हे. मिओरी विशीची होईल तेव्हा तू मला बोलावशील, या एका आशेवर शिकले. ओत्सुनेबाईची उंची मी दर वर्षी थोडी थोडी वाढवत गेले, पोर आता एवढी झाली असेल, आता एवढी, असा अंदाज करत. वेडेपणा आहे. तुला सांगायला हवा म्हणून सांगितला.

एक गोष्ट लपवून ठेवणार होते, तीही सांगते. समारंभाच्या दिवशी तुमच्या आशिकागाच्या सभागृहात सैल झालेले किमोनो नीट करून द्यायला एक टेबल असतं. आमच्या मंडळाला दर वर्षी बोलावणं येतं. या वर्षी मी आपणहून माझं नाव घातलंय, सप्टेंबरातच, तू नाही म्हणालीस तरी मिओरी दुरून दिसेल म्हणून. तुला नको असेल तर दोन ओळी टाक, मी नाव काढून घेईन. उत्तर आलं नाही तर मी तिथं बसेन. पण शब्द देते, मिओरीच्या गाठीला हात लावणार नाही. तिच्याशी आपणहून बोलणारही नाही.

खाली एक सूचना लिहिली होती, चिमणी बांधलीस तर तिचे पंख दुपारपर्यंत टिकावेत म्हणून. लिहून झाल्यावर वाटलं, ही पुन्हा तीच म्हातारी बोलतेय. म्हणून खोडली. तुझ्या बाई शिकवतीलच.

शिझुनो

•

किर्यू, १३ जानेवारी

चिनात्सुसान,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून काल मी गेले होते. शब्द पाळला, हे कळवायला लिहिते.

आकागी डोंगरावरून असा वारा सुटला होता की पोरींच्या लांब बाह्या पतंगासारख्या उडत होत्या. आमचं टेबल दारातल्या मोठ्या खांबापलीकडे होतं. मी आणि ओगिनोबाई मिळून अकरा जणींना नीट केलं. बहुतेक सगळ्या स्वच्छतागृहात जाऊन आलेल्या. एकीनं तर ओबीत मोबाइल खोचला होता आणि तो आत घसरून गेला होता. तो वाजायला लागला तेव्हा तिच्या पोटातून गाणं येत होतं.

मिओरी साडेअकराला दिसली. कुणी सांगावं लागलं नाही. चालताना ती अजून डावा पाय किंचित आत टाकते. गडद हिरवा किमोनो तिला फार शोभत होता, तो तू निवडलास की तिनं? खांदे अरुंद राहिलेले नाहीत, माझा अंदाज साफ चुकला. पाठीवर चिमणी होती. चिनात्सु, घड्या सरळ होत्या. मधला फुगवटा असा भरलेला होता की माझ्या बुधवारच्या मुलींतल्या दोघींनाच तसा येतो. फक्त डावा पंख दोन बोटं खाली आला होता.

ती मैत्रिणींपासून वेगळी होऊन खांबाशी बराच वेळ उभी होती, कुणाची तरी वाट बघत असावी. माझ्यापासून सात-आठ पावलं. ओगिनोबाईंनी मला कोपरानं ढोसलं. म्हणाल्या, ‘अहो, तो पंख पडतोय. हाक मारा त्या पोरीला.’ मी म्हटलं, ‘असू दे. तो तिच्या आईनं बांधलाय.’

हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. मांडीखाली दाबून बसले आणि समोर आलेल्या दुसऱ्या मुलीच्या दोऱ्या सोडवायला डोकं खाली घातलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा ती गेली होती. तिनं मला ओळखलं नसावं, शेवटची भेट झाली तेव्हा माझे केस काळे होते.

सत्तराव्या वर्षी का होईना, मला हात आवरता आला. मनातल्या मनात तरी मला शाबास म्हण.

शिझुनो

•

आशिकागा, २० जानेवारी

इशिकुरासान,

आपलं पत्र तीनदा वाचलं. शाबास म्हणता येत नाही. का ते सांगते.

डिसेंबरात आपलं पत्र आल्यावर मी एक कार्ड लिहिलं होतं. ‘टेबलाशी बसा. मिओरीला सांगेन. काही सैल झालं तर आपणच बघा.’ एवढंच. ते पंधरा दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. टपालपेटी दवाखान्याच्या दारातच आहे. रोज वाटायचं, तेरा वर्षं पोटात ठेवलेलं असं तीन ओळींत कसं संपवायचं. मग नववर्षाची गर्दी झाली आणि कार्ड राहून गेलं. राहून गेलं म्हणते, पण मी ते राहू दिलं.

मिओरीला मात्र सांगितलं. समारंभाच्या आदल्या दिवशी सगळं सांगितलं, पायऱ्यांचंही. तिला पायऱ्या आठवत नव्हत्या. तिला आपण आठवत होतात, सकाळी तिच्या केसांत फुंकर मारून तिला उठवायचात ते. ती म्हणाली, ‘मग मी जाऊ का तिच्याकडे?’ मी म्हटलं, गाठ ढिली झाली तर जा. पंख खाली येणार हे मला सकाळीच दिसलं होतं. गाठीखाली घालतात त्या छोट्या उशीची दोरी मला कधीच पुरेशी आवळता येत नाही. पुन्हा बांधायला वेळ होता. मी बांधली नाही. तिला जायला कारण असावं म्हणून.

ती त्या खांबाशी आपलीच वाट बघत होती. दहा मिनिटं उभी होती. आपण तिच्याकडे पाहिलंत, शेजारच्या बाईंशी काही बोललात आणि डोकं खाली घातलंत. घरी आल्यावर ती म्हणाली, ‘आई, आजीनं मला बघितलं. तिला मी नको होते.’ मी म्हटलं तसं नसेल. पण कसं आहे ते मला तरी कुठं माहीत होतं. आपलं पत्र मंगळवारी आलं, तेव्हा ती सेंदाईला निघून गेली होती. तिला मी फोनवर वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली की तिला वर्गाला जायचंय.

आपण खोडलेली सूचना मी उजेडात धरून पाहिली होती. आपण फार नीट खोडली होती.

आणखी एक. समारंभाहून आल्यावर, संध्याकाळी पाचला, मी तिचा ओबी सोडायला गेले तर तिनं माझा हात धरला. ‘सोडायला तरी आजीला बोलव,’ म्हणाली. चेष्टेनं म्हणाली की खरंच, ते मी विचारलं नाही. आपला नंबर माझ्या वहीत अजून आहे. मी वही काढली, फोनपर्यंत गेले, तिथं थोडा वेळ उभी राहिले आणि परत येऊन गाठ सोडली. किमोनो दुसऱ्या दिवशी दुकानात परत गेला.

चिनात्सु

•

किर्यू, २३ जानेवारी

चिनात्सुसान,

डोकं खाली घातलं ते डोळे भरून आले होते म्हणून. पोरीला ते उलटं दिसलं. हे तिला सांग, पण ती दहा मिनिटं आता तिला सांगून परत यायची नाहीत.

कार्ड टाकलं नाहीस म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. तुला तेरा वर्षं लागली, माझ्यामुळेच लागली. मी शब्द पाळला म्हणून मिरवत होते. शब्द पाळणं सोपं होतं, नुसतं बसून राहायचं. ‘पोरी, तुझा पंख खाली आलाय, नीट करू का?’ एवढं विचारायला सात पावलं जायला हवं होतं. ती नाही म्हणाली असती तर परत येऊन बसले असते. पायऱ्यांवर मी विचारलं नाही, खांबापाशीही विचारलं नाही. मला वाटत होतं या तेरा वर्षांत मी बदलले. बदलले कुठे, तेव्हा न विचारता सोडली आणि आता न विचारता तशीच ठेवली.

ओत्सुनेबाईवर या आठवड्यात काही बांधलेलं नाही. बुधवारीही गेले नाही.

तू फोनपाशी उभी राहिलीस ते लिहिलंस, बरं केलंस. आता माझंही ऐक. मी त्या दिवशी चारला घरी पोचले, अंगावरचा किमोनोही बदलला नाही. कुणी बोलावणार नव्हतं हे मला ठाऊक होतं. तरी चपला दाराशी तोंड बाहेर करून ठेवल्या आणि फोनजवळ बसले. तुमच्याकडे यायला गाडीनं वीस मिनिटं लागतात, आणि गाड्या दहापर्यंत असतात. सातला उठले आणि भात लावला.

शिझुनो